एचडीएम-४: रस्त्याच्या खर्चाचा हिशेब मांडणारे सॉफ्टवेअर

रस्त्यावर नवा थर आत्ता द्यायचा की पाच वर्षांनी, या प्रश्नावर एचडीएम-४ (हायवे डेव्हलपमेंट अँड मॅनेजमेंट) हे सॉफ्टवेअर फार उपयोगी पडते. जागतिक बँकेच्या १९८७ च्या एचडीएम-३ वर ते उभे आहे. त्याच्या पायाशी केनिया, कॅरिबियन बेटे, भारत आणि ब्राझीलमधली प्रत्यक्ष मोजमापे आहेत. रस्ता खडबडीत झाला की इंधन, टायर, सुटे भाग आणि वेळ यांचा खर्च किती चढतो, हे त्यामुळे विश्वासाने काढता येते.

खरी गोम मूळ पर्यायात, म्हणजे ज्याच्याशी नव्या कामाची तुलना करायची त्यात, असते. तुलनेला ‘काहीच करायचे नाही’ हा पर्याय घेतला, तर सॉफ्टवेअर वीस वर्षे रस्ता बिनदेखभाल खराब होऊ देते आणि नव्या रस्त्याचा लाभ फुगतो. प्रत्यक्षात खड्डे कोणीतरी बुजवतच असते. म्हणून मूळ पर्यायात खड्डे भरणे, नेहमीची देखभाल आणि खडबडीतपणा ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर पातळ थर, एवढे तरी धराच. परताव्याचा दर खाली येईल, पण तोच खरा.

इंधनाची किंमत कर वगळून भरावी. कर म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा. तो वाचला म्हणून समाजाचा काही वाचत नाही.

रस्ता सुधारल्यामुळे नव्याने निर्माण होणारी वाहतूक वेगळी भरा. फेरीचा खर्च २० वरून १४ झाला, तर आधीच्या १,००० वाहनांना प्रत्येकी ६ चा लाभ होतो. नव्या २०० ना सरासरी निम्मा, म्हणजे ३. एकूण ६,६००. सगळी सामान्य वाढीत मिसळली की आकडा ७,२०० होतो.

सवलतीचा दर, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाचे आजचे मूल्य ज्या दराने काढतात तो, दोनदा तरी बदलून पाहा. २० वर्षांनी मिळणाऱ्या १०० चे आजचे मूल्य १२ टक्क्यांनी सुमारे १०, तर ६ टक्क्यांनी ३१ येते.

रस्ता किती वेगाने खराब होतो, यासाठी सॉफ्टवेअरमध्ये दिलेले तयार गुणक जसेच्या तसे वापरणे ही सर्रास होणारी चूक. पाच वर्षांपूर्वीची स्थिती, वाहतूक आणि झालेली डागडुजी भरून आजचा खडबडीतपणा जुळतो का, ते आधी तपासा.

मर्यादा मोठी आहे: वाहने कोणत्या रस्त्याने वळतील, हे एचडीएम-४ स्वतः ठरवत नाही; ते आकडे बाहेरून द्यावे लागतात. गर्दीच्या शहरी जाळ्यासाठी किंवा मेट्रो हवी की बस, या निर्णयासाठी वेगळे वाहतूक प्रारूप घ्यावे.