रात्रीच्या आयसीयूचं बिल लावलं, पण रात्री डॉक्टरच नव्हते

आमच्या बोक्याची लघवी तुंबली. सारखा शी-शूच्या पेटीत जाऊन कुंथत होता, थेंबही येत नव्हता, पोटाला हात लावला की ओरडायचा. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने हा त्रास त्यांना जास्त होतो. पुष्कळजण बद्धकोष्ठता समजून थांबतात. तसं करू नका! लघवी पूर्ण अडली की रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके मंदावतात आणि दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो.

'२४ तास आयसीयू' अशी पाटी असलेल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी भूल देऊन कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला, लघवी मोकळी केली. ते काम चोख झालं, त्याबद्दल तक्रार नाही. फसवणूक त्यानंतरची. "रात्रभर मॉनिटरवर ठेवू, दर तासाला बघू, डॉक्टर इथेच असतात," असं सांगून आयसीयूचे पैसे आगाऊ घेतले आणि आम्हाला घरी पाठवलं.

पहाटे राहवेना, म्हणून गेलो. शटर अर्धं खाली, आत झोपेतून उठलेला एक पोरगा. डॉक्टर कुठे? "फोनवर असतात." मॉनिटर बंद, वायरी गुंडाळलेल्या. पिंजऱ्याला अडकवलेला कागद वाचला: प्रत्येक तासाला तापमान ३८.५, ठोके १८०, लघवी २० मिली. एकही आकडा हललेला नाही, आणि रकाने सकाळी आठपर्यंत भरलेले. तेव्हा पाचही वाजले नव्हते. लघवीसाठी सलाईनची अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी जोडली होती, ती तट्ट फुगलेली. कागदावरच्या लघवीची बेरीज त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हती.

हे खोटं नुसतं कागदावरचं नाही. अडथळा निघाल्यावर मूत्रपिंडं कधीकधी भराभर लघवी बाहेर टाकतात. म्हणून ती मोजायची आणि त्या हिशेबाने सलाईन वाढवायचं असतं. आमच्याकडे सलाईन संध्याकाळच्याच वेगाने टपकत होतं. बोक्याची मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर तशीच उभी राहिली. हिरड्या कोरड्या, चिकट. म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं. त्याला तसाच उचलून दुसरीकडे नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी वजन केलं, रक्त तपासलं, मग सलाईनचा वेग ठरवला. बोका वाचला.

पहिल्या बिलात रात्रभराचं ईसीजी आणि पोटॅशियमच्या दोन तपासण्या लावल्या होत्या. रिपोर्ट मागितले, तर एकाच तपासणीचा निघाला. दुसऱ्याबद्दल "मशीनमधून डिलीट झाला" असं उत्तर मिळालं.

रात्री डॉक्टर नसणं हा गुन्हा नाही. लहान दवाखान्यांना ते परवडत नाही, आणि प्रामाणिक डॉक्टर तसं स्पष्ट सांगून मोठ्या ठिकाणी पाठवतात. नसलेल्या देखरेखीचे पैसे घेणं ही मात्र लूट आहे. जनावर तोंड उघडून धापा टाकत असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, तर आधी उपचार सुरू होऊ द्या, तिथे वाद घालत बसू नका. पण रात्रभर ठेवायची वेळ आली की विचारा: रात्री जागं कोण असणार, ती व्यक्ती डॉक्टर आहे का, नोंदींचा कागद सकाळी मिळेल का. आयसीयू दाखवायला सांगा. मध्यरात्री दवाखान्याच्या नंबरवर फोन करून आत्ताचं तापमान विचारा.

मी त्या कागदाचा फोटो तेव्हाच काढला होता. तो आणि बिल जोडून पशुवैद्यकांची नोंदणी करणाऱ्या परिषदेकडे तक्रार दिली आहे. तुम्हालाही असा कागद दिसला, तर पिंजऱ्याजवळच फोटो काढा. नंतर मागितला की कोरा करकरीत दुसरा कागद हातात येतो.