व्हँडरबिल्ट की फर्नाल्ड: कुठली फसवणूक मोठी?

दोन्ही प्रयोग अमेरिकेतले, दोन्हींत किरणोत्सारी लोह. नॅशव्हिलला व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या दवाखान्यात १९४५ ते १९४७ दरम्यान आठशेहून अधिक गरोदर स्त्रियांना ते पेयातून दिलं. गरोदरपणात शरीर किती लोह शोषतं, हे पाहायचं होतं. बऱ्याच जणींना वाटलं, हे पौष्टिक टॉनिक आहे.

मॅसॅच्युसेट्सच्या फर्नाल्ड या निवासी शाळेत मतिमंद ठरवलेली मुलं होती. त्यातली कित्येक तशी नव्हतीच, फक्त अनाथ किंवा घरच्यांना नकोशी. एमआयटी या तिथल्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांना ओट्सच्या लापशीतून किरणोत्सारी लोह आणि दुधातून किरणोत्सारी कॅल्शियम दिलं. पैसा क्वेकर ओट्स कंपनीचा होता. मुलांना ‘सायन्स क्लब’चं सदस्यत्व, जास्तीचं दूध, बेसबॉल सामन्याची सहल! पालकांना पत्रं गेली, पण त्यात किरणोत्साराचा उल्लेख नव्हता.

मात्रेच्या बाजूने पाहिलं तर फर्नाल्ड सौम्य: १९९४ च्या राज्यस्तरीय चौकशीत आरोग्यावर लक्षणीय परिणाम आढळला नाही. व्हँडरबिल्टमध्ये लोह गर्भापर्यंत पोहोचलं आणि १९६० च्या दशकातल्या पाठपुराव्यात त्या मुलांमध्ये कर्करोगाचे मृत्यू थोडे जास्त दिसले. तरी मला फर्नाल्डच जास्त खुपतं. दवाखान्यातली बाई निदान उठून घरी जाऊ शकत होती.

१९९८ मध्ये दोन्हीकडे भरपाईची तडजोड झाली: व्हँडरबिल्ट प्रकरणात सुमारे १ कोटी डॉलर, फर्नाल्डमध्ये साडेअठरा लाख.