माइनक्राफ्टमध्ये दगड जमवायचाय: खणून, जनरेटर लावून की टीएनटीने?

तुलना हवेत नको, म्हणून आधी एक माप धरू. एक चौरस टॉवर, प्रत्येक बाजू ३० ब्लॉक, उंची २०, भिंत एका ब्लॉकची. चारही भिंतींना मिळून २,३२० ब्लॉक लागतात. इन्व्हेंटरीत ३६ खण, प्रत्येकात ६४, म्हणजे खिसे गच्च भरले तरी २,३०४. सोळा कमीच! खाली जो मार्ग येईल त्याला एकच प्रश्न विचारायचा: हा टॉवर किती वेळात उभा राहील? आकडे जावा एडिशनचे (गेमची कॉम्प्युटरवरची मूळ आवृत्ती) आहेत.

आधी हे ठरवा: स्टोन हवाय की कोबल?

साध्या पिकॅक्सने (कुदळीने) स्टोन फोडला की हातात कोबलस्टोन, म्हणजेच कोबल, येतो. पायाभरणी, फर्नेस, हत्यारं यांना तो चालतो. पण स्टोन ब्रिक्स हव्या असतील तर स्टोनच लागतो, आणि कोबलचा स्टोन करायला फर्नेस पेटवावी लागते. इथे बहुतेक जण फसतात, मीही फसलो. दोन मोठे चेस्ट भरून कोबल खणला, मग लक्षात आलं की डोक्यातली भिंत ब्रिक्सची आहे.

फर्नेसला एका ब्लॉकला १० सेकंद लागतात. टॉवरचे २,३२० ब्लॉक एकाच फर्नेसमध्ये टाकले तर साडेसहा तासांना थोडे कमी. आठ फर्नेस ओळीत लावल्या तरी ४८ मिनिटं, वर २९० कोळसे, कारण एका कोळशात आठच ब्लॉक भाजतात. ब्लास्ट फर्नेस दुप्पट वेगाची असते हे ऐकून कोणी ती बांधायला निघाला असेल तर थांबा, ती कोबल घेतच नाही. तिला फक्त खनिजं आणि धातूच्या वस्तू चालतात.

यावर उतारा म्हणजे सिल्क टच. हे एन्चांटमेंट (हत्यारावर चढवलेली जादू) असलेल्या पिकॅक्सने स्टोन फोडला की स्टोनच मिळतो. ब्रिक्सची इमारत बांधायची असेल तर माझ्या मते पिकॅक्सचा वेग वाढवण्याआधी सिल्क टच मिळवा. खणण्यात वाचलेली दहा मिनिटं फर्नेससमोर पाऊण तास उभं राहून घालवण्यात काय अर्थ आहे?

साधं खणणं

| पिकॅक्स | एक स्टोन फोडायला | किती ब्लॉक टिकतो |
|---|---|---|
| लाकडी | १.१५ सेकंद | ५९ |
| दगडी | ०.६ सेकंद | १३१ |
| लोखंडी | ०.४ सेकंद | २५० |
| डायमंड | ०.३ सेकंद | १,५६१ |

तक्ता बघून वाटतं की डायमंड दगडीच्या दुप्पट वेगवान आहे. प्रत्यक्षात तसं जाणवत नाही. एक ब्लॉक फुटला की पुढच्यावर घाव सुरू होण्याआधी गेम सुमारे ०.३ सेकंद थांबतो, आणि ही थांबणूक प्रत्येक ब्लॉकमागे सगळ्यांना सारखीच पडते. म्हणजे दगडीला ०.९, लोखंडीला ०.७, डायमंडला ०.६. टॉवरच्या हिशेबात दगडी पिकॅक्सने ३५ मिनिटं, डायमंडने २३. चालणं, टॉर्च लावणं, झाँबी मारणं वेगळं.

म्हणून खेळाच्या सुरुवातीला दगडासाठी लोखंड खर्चू नका. दगडी पिकॅक्सला तीन कोबल आणि दोन काठ्या लागतात, आणि तो दोन स्टॅक (एक स्टॅक म्हणजे ६४) काढून मगच तुटतो. टॉवरसाठी असे अठरा लागतील. ऐकायला जास्त वाटतं, पण त्यांचा माल तुम्ही खणताय त्याच भिंतीतून निघतो. क्राफ्टिंग टेबल सोबत न्या आणि काठ्यांचा एक स्टॅक ठेवा, झालं.

एफिशियन्सी ५ (खणण्याचा वेग वाढवणारं एन्चांटमेंट) लावलेला डायमंड पिकॅक्स स्टोन दोन टिकमध्ये, म्हणजे ०.१ सेकंदात फोडतो. थांबणूक धरून ०.४. टॉवर साधारण पंधरा मिनिटांत, आणि सोबत सिल्क टच असेल तर फर्नेसचं नावही काढायला नको. टॉवर, किल्ला, पूल एवढ्यापुरतं बघायचं तर मी इथेच थांबेन. पुढचे मार्ग बहुतेकांना लागतच नाहीत.

कोबल जनरेटर

यूट्यूबवर याचं जितकं कौतुक होतं तितकं मला पटत नाही. रचना सोपी आहे: चार ब्लॉक लांब चर, एका टोकाला पाणी, त्याच्या शेजारचा ब्लॉक एक पायरी खोल, मग रिकामी जागा, दुसऱ्या टोकाला लाव्हा. खोल खड्ड्यात पाणी पडतं म्हणून ते लाव्हाच्या उगमापर्यंत पोचत नाही. तो खड्डा विसरलात आणि पाणी उगमाला लागलं, की लाव्हाचा ऑब्सिडियन होतो आणि लाव्हाची बादली गेली. बरोबर जमलं तर रिकाम्या जागी कोबल तयार होतो, फोडला की पुन्हा तयार होतो, संपतच नाही.

अडचण लाव्हाच्या चालीत आहे. ओव्हरवर्ल्डमध्ये (गेमच्या नेहमीच्या जगात) लाव्हा एक ब्लॉक पुढे सरकायला ३० टिक घेतो, म्हणजे दीड सेकंद. तुमच्या हातात कसलाही पिकॅक्स असो, एका तोंडाचा जनरेटर दीड सेकंदाला एकापेक्षा जास्त ब्लॉक देणार नाही. टॉवरला जवळजवळ एक तास, आणि तोही कोबल. शिवाय फुटलेला कोबल उडून लाव्हात पडला की जळून जातो. कानाला सवय झाली की तो चुर्र आवाज ऐकूनच कळतं, एक गेला.

मग तो घ्यायचा कधी? स्कायब्लॉकमध्ये, जिथे खणायला जमीनच नाही. किंवा जग अगदी नवं आहे, रात्र झाली आहे आणि झोपडीबाहेर पाऊल टाकायचं नाही तेव्हा. दोन बादल्या मिळाल्या की काम सुरू होतं. आणखी एक प्रकार आहे: लाव्हा वरून पाण्यावर सोडला की कोबलऐवजी थेट स्टोन तयार होतो. सिल्क टच असेल तर जनरेटर या प्रकारचाच बांधा.

पिस्टन जोडून स्वयंचलित फार्म करता येतो. एक पिस्टन बारा ब्लॉकपर्यंत ढकलतो, तेव्हा कोबलची रांग बाहेर सरकत राहते, पण ती फोडायची कोणी? मोठे फार्म त्यासाठी टीएनटी डुप्लिकेट करणारं यंत्र वापरतात. ते गेमच्या एका त्रुटीवर चालतं आणि बऱ्याच सर्व्हरवर त्याला बंदी असते. बांधण्याआधी नियम वाचा.

टीएनटी

पूर्वी टीएनटीने उडवलेल्या ब्लॉकपैकी बरेचसे नाहीसे व्हायचे. जावाच्या १.१४ आवृत्तीपासून (२०१९) सगळे ब्लॉक खाली पडतात, त्यामुळे हा मार्ग पुन्हा विचारात घेण्यासारखा झाला. पण एका टीएनटीला पाच गनपावडर आणि चार वाळू लागते, मिळतो तो कोबल, आणि शेजारी दुसरा टीएनटी फुटला तर खाली पडलेला मालही उडतो. क्रीपर फार्म (क्रीपर राक्षस मारून गनपावडर मिळवण्याची रचना) चालू असेल आणि चेस्टमध्ये गनपावडर पडून असेल तरच. नसेल तर सोडून द्या.

बीकन आणि हेस्ट २

आता टॉवर विसरा. समजा १०० बाय १०० चा, ५० ब्लॉक खोल खड्डा पाडायचाय. पाच लाख ब्लॉक. एफिशियन्सी ५ वाल्या डायमंडने, ०.४ सेकंदाच्या हिशेबाने, नुसते घाव घालायलाच ५५ तास.

इथे त्या थांबणुकीचा प्रश्न सुटतो. ब्लॉक एका टिकच्या आत फुटला की गेम थांबतच नाही, बटण दाबून चालत राहायचं आणि भिंत विरघळत जाते. एफिशियन्सी ५ चा डायमंड किंवा नेदराइट (डायमंडच्याही वरचा) पिकॅक्स आणि बीकनचा हेस्ट २ (बीकन हा आसपासच्या खेळाडूला शक्ती देणारा ब्लॉक, हेस्ट ही खणण्याचा वेग वाढवणारी शक्ती), हे दोन्ही एकत्र आले की स्टोन असा फुटतो. सेकंदाला वीस ब्लॉकपर्यंत. पंचावन्न तासांचे कागदोपत्री सात होतात. हेस्ट १ वर मात्र डायमंड आणि नेदराइट दोन्ही थोडक्यात कमी पडतात. गंमत म्हणजे सोन्याचा पिकॅक्स हेस्ट १ वरही हे करतो, फक्त ३२ ब्लॉकनंतर तुटतो.

किंमत जबर आहे. हेस्ट २ साठी चार थरांचा पिरॅमिड लागतो, १६४ लोखंडी ब्लॉकचा, म्हणजे १,४७६ इनगॉट (लोखंडाच्या लगडी). आयर्न फार्म (लोखंड आपोआप देणारी रचना) नसेल तर पुढे वाचू नका. वर बीकन बनवायला लागणाऱ्या नेदर स्टारसाठी विदर नावाचा बलाढ्य राक्षस मारायचा. पण पिरॅमिड मोडून दुसरीकडे नेता येतो, खर्च एकदाच होतो. चार थरांच्या बीकनचा पल्ला चारही दिशांना ५० ब्लॉक, म्हणून शंभराचा चौरस एका बीकनमध्ये बसतो.

दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. पहिली, खाली कुठवर जायचं. वाय ८ (वाय म्हणजे गेममधला उंचीचा आकडा) च्या खाली डीपस्लेट हा जास्त कठीण दगड मिसळायला लागतो आणि शून्याखाली जवळजवळ तोच असतो. त्याचा हार्डनेस ३, स्टोनचा १.५. डीपस्लेट एका टिकमध्ये फुटत नाही, तिथे ती थांबणूक परत येते आणि हात एकदम जड वाटतो. स्टोनच हवा असेल तर वाय ८ च्या वर राहा. गंमत अशी की कोबलचाही हार्डनेस २ आहे. म्हणजे इतकं महागडं बीकन कोबल जनरेटरशेजारी उभं केलं तर ते जवळपास वाया जातं.

दुसरी, पिकॅक्सचं आयुष्य. अनब्रेकिंग ३ ने (हत्याराचं आयुष्य वाढवणारं एन्चांटमेंट) नेदराइट पिकॅक्स सरासरी ८,१०० ब्लॉकच्या आसपास टिकतो. सेकंदाला वीसच्या वेगाने हे सात मिनिटांत संपतं! मेंडिंग आहे ना, असं म्हणाल. पण मेंडिंगला (हत्यार दुरुस्त करणारं एन्चांटमेंट) एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागते आणि स्टोन खणून एक्सपी मिळत नाही. म्हणून एक्सपी फार्म जवळ हवा, किंवा चार-पाच पिकॅक्स आळीपाळीने वापरायचे. शल्कर बॉक्सही (सामानासकट उचलून नेता येणारे डबे) भरपूर लागतील. एकात १,७२८ ब्लॉक मावतात, म्हणजे दीड मिनिटाला एक.

टॉवरवाल्यांसाठी एक हिशेब

डोंगराच्या पोटात भलतीकडे खड्डा पाडण्यापेक्षा टॉवरच्या खालीच खणा. आतली मोकळी जागा २८ बाय २८ आहे. वरची माती ओलांडून स्टोन लागला की तीन ब्लॉक उंचीचं तळघर काढा. त्यातून २,३५२ ब्लॉक निघतात. भिंतींना २,३२० लागले, ३२ उरले, आणि तळघर फुकटात मिळालं.