"वहिनी, माझीही मुलगी अशीच आहे"

मोल्ड, म्हणजे ऐकण्याच्या मशिनसाठी कानाच्या मापाने घेतलेला साचा. एवढा एक शब्द मला जूनमध्ये कळला असता तर १,०९,७०० रुपये वाचले असते आणि माझ्या लेकीचे पाच महिनेही. पैशांचं जाऊ दे, असं मला म्हणवत नाही, कारण त्यात माझ्या आईने घातलेल्या पाटल्या आहेत. पण गहाण पाटल्या कधीतरी सुटतील. तिच्या वयाचे चौदा ते एकोणीस हे महिने मी कुठून सोडवून आणू?

आम्ही बार्शीचे. लेक वर्षाची झाली तरी हाकेला वळेना. सासूबाई म्हणायच्या, हिचा बापही उशिराच बोलला. मी तिच्या पाठीमागे ताट आपटून पाहिलं, ती दचकली, म्हणून मी दोन महिने गप्प बसले. ती आवाजाने नाही, फरशीच्या हादऱ्याने दचकली होती, हे आता कळतं. शेवटी सोलापुरात बेरा केली, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का ती तपासणी, औषध पाजून झोपवून. दोन्ही कानांचा ९० डेसिबललाही प्रतिसाद नाही. प्रोफाउंड, म्हणजे जवळजवळ पूर्ण बहिरेपणा. डॉक्टर दोन मिनिटं बोलले, "आधी मशिन लावा, मग कॉक्लियरचं बघू." (कॉक्लियर म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवतात ते ऐकण्याचं यंत्र.) कोणतं मशिन, कुठून घ्यायचं, ही कधी बोलेल का, असं विचारायला तोंड उघडेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

बाहेर बाकावर मी रडत होते, तिथे तो भेटला. चाळिशीचा, गळ्यात ओळखपत्र. "वहिनी, रडू नका, माझीही मुलगी अशीच आहे." त्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, कानामागे मशिन, आणि ती मुलगी स्पष्ट म्हणते, "आई, पाणी दे." ह्यांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला.

मग तो अर्धा तास बोलला. कानातल्या बारीक केसपेशी गेल्या की पुन्हा उगवत नाहीत, म्हणून तेल, थेंब, जडीबुटी यांच्या नादी लागू नका. भाषा मेंदूत बसते ती पहिल्या काही वर्षांत. कॉक्लियरच्या आधी मशिनची तीन महिने ट्रायल घ्यावी लागते. केंद्राच्या एडिप योजनेत, म्हणजे दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेत, लहान मुलांचं हे ऑपरेशन होतं. हे सगळं खरं होतं! तेच मला आजही टोचतं. जे मला आत सांगायला हवं होतं ते बाहेर एका भामट्याने सांगितलं, आणि त्याने ते सांगितलं म्हणूनच मी त्याला देव मानलं.

हिशेब लिहिते. 'प्रोग्रॅम केलेल्या डिजिटल' मशिनची जोडी ७८,०००. त्यातले ४०,००० रोख, पाटल्या गहाण टाकून, आणि ३८,००० यूपीआयने. योजनेत नंबर लावायची फाइल १२,५००. ऑनलाइन थेरपीचे २४ सेशन, ८०० प्रमाणे १९,२००. यूपीआयचे तीन व्यवहार तीन वेगवेगळ्या नावांवर गेले. विचारलं तर म्हणाला, संस्थेची खाती आहेत. पावती साध्या कागदावर, शिक्का मारलेली. त्यावर ना नोंदणी क्रमांक, ना मशिनचा सिरियल नंबर.

आणि आता तो क्षण, जो रोज रात्री आठवतो. तो घरी आला, डब्यातून मशिन काढली, टोकाला तयार सिलिकॉनचे बोंडले बसवले आणि लेकीच्या कानात खुपसले. लगेच शिट्टी वाजायला लागली, कुकरसारखी. बेराच्या दिवशी शेजारच्या खोलीत मी पाहिलं होतं, एका बाळाच्या कानात गुलाबी लगदा भरून साचा घेत होते. माझ्या मनात आलंही, आपल्या लेकीचा साचा का नाही घेतला? विचारलं. तो हसला, "वहिनी, ती जुनी पद्धत." मी गप्प बसले. मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना सांगते, प्रश्न पडला की सोडू नका. आणि मी सोडला, कारण लेक त्या क्षणी मान वळवून माझ्याकडे बघत होती आणि मला वाटलं, तिला ऐकू आलं.

मूर्ख होते म्हणा. पण तीन रात्री न झोपलेल्या आईला विचारून बघा. आम्ही लोभाने काही दुप्पट करायला गेलो नव्हतो.

सात सेशन झाले. पडद्यावरची एक मुलगी सांगायची, टाळ्या वाजवा, गाणं म्हणा. मग 'मॅडम आजारी', मग 'सर्व्हर डाउन', मग फोन बंद. तोवर तीन महिने उलटले होते. म्हटलं निदान ट्रायल तरी झाली. नोव्हेंबरात दुसऱ्या ऑडिऑलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, गेलो. त्या बाईंनी मशिन हातात घेतलं, कॉम्प्युटरला जोडायचा प्रयत्न केला आणि बाजूला ठेवलं. ते प्रोग्रॅम होणारं मशिनच नव्हतं. सगळे आवाज सारखेच मोठे करणारा साधा अँप्लिफायर. माझ्या लेकीच्या ऐकण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. म्हणाल्या, "ही ट्रायल धरता येणार नाही, पहिल्यापासून करू." मी तिथेच खाली बसले.

तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात, "तुम्ही स्वतःच्या हाताने पैसे दिलेत ना? मग हा दिवाणी मामला." चार चकरांनंतर म्हणाले सायबरकडे जा. सायबरवाले म्हणतात, माणूस समोरासमोर भेटला, मग यात ऑनलाइन काय? १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, क्रमांक मिळाला, पण पैसे जाऊन चार महिने झाले होते. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. जिथे तो बाकावर बसतो तिथली माणसं म्हणतात, आमच्या आवारात कोण येतं-जातं आम्हाला काय माहीत. सहा महिने रोज येणारा माणूस माहीत नाही? त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र कुणी एकदा उलटून वाचलं नाही? दिव्यांग कार्यालयातल्या साहेबांनी अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर म्हणाले, "मॅडम, विश्वास ठेवा." विश्वास! कायदा वाचला तर आणखी संताप. १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्यात नोंदणीशिवाय हे काम करणाऱ्याला शिक्षा आहे, पण कमाल एक वर्ष कैद किंवा एक हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. एक हजार! त्याने माझ्याकडून एका सेशनचे आठशे घेतले. आता ग्राहक आयोगाची तयारी चालू आहे.

ऑडिऑलॉजिस्ट असो की थेरपिस्ट, आरसीआयचा, म्हणजे त्याच पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या वेबसाइटवर तपासा. राग आला तर येऊ द्या. लहान बाळाच्या कानाचा साचा घेतल्याशिवाय मशिन घेऊच नका, आणि कान वाढतो तसा मोल्ड काही महिन्यांनी बदलावा लागतो, हेही डोक्यात ठेवा. एडिपच्या अर्जाला फी नसते. नंबर लावून देतो म्हणणारा चोरच. कॉक्लियरच्या त्या कामाची मुख्य संस्था वांद्र्याची अली यावर जंग संस्था, थेट तिथे विचारा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे लहान मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र, आहे का तेही बघा, मी पाहिलं नाही. बिलावर सिरियल नंबर नसेल तर रुपया देऊ नका. रोख तर नाहीच.

आणि बेराचा रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांनो, ऑडिऑलॉजिस्टनो, हात जोडते. रिपोर्टचं पाकीट देताना दहा मिनिटं बसा हो. पुढे कुठे जायचं ते कागदावर लिहून द्या. तुम्ही जिथे थांबता तिथून तो सुरू होतो.

लेकीचा साचा आता घेतला. गुलाबी लगदा कानात भरला तेव्हा ती माझा पदर धरून रडली, पण शिट्टी थांबली आहे. नवी ट्रायल चालू आहे.

हे लिहायला बसले ते गेल्या आठवड्यामुळे. मंगळवेढ्याच्या एका ताईंचा फोन आला, मुलगा अकरा महिन्यांचा, नुकतीच बेरा झालेली. म्हणाल्या, एक खूप चांगले दादा भेटले, त्यांची मुलगीही अशीच आहे. मी विचारलं, व्हिडिओ दाखवला का? हो म्हणाल्या. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, "आई, पाणी दे." त्यांनी २०,००० आधीच दिले होते.