सायटेशनच्या नावाखाली २७,७४० रुपये गेले

आधी आकडा सांगतो. १८,००० रुपये साठ सायटेशनचे, ३,२४० जीएसटीचे, नंतर ६,५०० ‘स्कोपस अपडेट’चे. एकूण २७,७४०. सायटेशन म्हणजे दुसऱ्या लेखकाने आपल्या लेखात तुमच्या पेपरचा दिलेला संदर्भ. हाती आलेली खरी सायटेशन शून्य. हे लिहिताना लाज वाटते, कारण संदर्भ कसे द्यायचे हे वर्गात मीच शिकवतो. पण गप्प बसलो तर पुढच्या मार्चला आणखी कुणी पैसे भरेल.

सायटेशन विकण्याच्या या धंद्याची रीत अशी. प्राध्यापकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज येतो, ‘मोजक्याच जागा’ म्हणतात, घाई करतात. मला सांगितलं ते असं: ‘सर, आम्ही तुमचे पेपर त्या विषयातल्या लेखकांपर्यंत पोचवतो, त्यांना उपयोगी वाटले की ते संदर्भ देतात.’ म्हणजे प्रसिद्धीचं काम. मी सायटेशन विकत घेत नव्हतो, माझे पेपर वाचले जावेत म्हणून पैसे देत होतो, आणि यावर मी आजही ठाम आहे. मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये एच-इंडेक्स (किती पेपरांना निदान तितकीच सायटेशन आहेत तो आकडा) किमान ५ असा रकाना, मुदत ३१ मार्च २०२५, माझा एच-इंडेक्स ३. आठवड्याला अठरा तास शिकवणं, कॉलेजात स्कोपसची, म्हणजे निवडक प्रकाशनांतली सायटेशन मोजणाऱ्या सूचीची, वर्गणी नाही. नऊ वर्षांत मिळालेली २४ सायटेशन एकेक करून आलेली, त्यातलं एकही कुणाकडे मागितलेलं नव्हतं.

माझ्या सात पेपरांची सायटेशन होती ९, ७, ४, ३, १, ०, ०. एच-इंडेक्स ५ म्हणजे पाच पेपर, प्रत्येकाला निदान पाच. तिसऱ्याला एक, चौथ्याला दोन, पाचव्याला चार. सात सायटेशनमध्ये काम भागत होतं, मला साठ विकली. पैसे भरायच्या आधी हा हिशेब मांडा. ज्याला तुमचा एच-इंडेक्स खरंच वाढवायचा आहे तो आधी तुमचे आकडे विचारतो. मला कुणी विचारले नाहीत.

पण खरी चूक तिथे नाही. खरी चूक एका फोटोत आहे आणि तो आठवला की अजून झोप उडते. पैसे भरायच्या तीन दिवस आधी त्यांनी नमुना म्हणून एका गिऱ्हाइकाच्या गुगल स्कॉलर (पेपर शोधून त्यांची सायटेशन मोजणारी गुगलची सेवा) प्रोफाइलचा फोटो पाठवला, नाव खोडलेलं. उजवीकडे वर्षावार खांबांचा आलेख असतो ना, तो. २०१६ ते २०२२ बोटभर खांब, २०२३चा थेट छतापर्यंत, २०२४चा पुन्हा जमिनीला टेकलेला. विद्यार्थ्याच्या तक्त्यात असा एकच उंच आकडा आला तर मी लाल पेनाने गोल करून विचारतो, ‘हा कुठून आला?’ तो फोटो तीन दिवस माझ्या फोनमध्ये होता. मी तो मोठा करून पाहिला. बायकोलाही दाखवला. आणि विचारलं नाही. खरी सायटेशन हळूहळू चढतात आणि हळूहळू उतरतात, एका वर्षात उगवून पुढच्या वर्षी मरत नाहीत.

दुसरी खूण बिलात होती. पत्ता पुण्याचा, जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०९ने. ०९ उत्तर प्रदेशचा, महाराष्ट्राचा २७. कर मात्र राज्यातल्या राज्यात लावतात तसा, १,६२० केंद्राचा आणि १,६२० राज्याचा. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकून मालकाचं नाव फुकट बघता येतं. मी बघितलं, पण पैसे गेल्यावर.

सायटेशन आली ती एका रात्रीत. स्कॉलरवर स्वतःच्या पेपरांचा अलर्ट लावलेला होता, सकाळी मेल होती आणि आनंद झाला, खोटं कशाला बोलू. ९चे १५, ७चे १३, ४चे १०, ३चे ९, १चे ७, आणि ज्यांना कधीच कुणी विचारलं नव्हतं त्या दोघांना सहा-सहा. प्रत्येकाला नेमकी सहा. एकूण २४चे ६६, एच-इंडेक्स ६.

मग पेपरखालच्या आकड्यावर टिचकी मारली. हे काम तुम्ही दर महिन्याला करा, नुसता आकडा बघू नका, कोण उद्धृत करतंय ते उघडा. सहा पीडीएफ, एकाच संशोधक-मंचावर एकाच दिवशी चढवलेल्या. विषय किरकोळ बँकिंग आणि ब्लॉकचेन. माझे पेपर क्षारपड जमिनीवर. संदर्भसूचीत ३१ ते ३७ क्रमांकाला माझे सातही पेपर ओळीने, आणि मजकुरातला शेवटचा कंसातला आकडा ३०. म्हणजे लेखात माझा उल्लेखच नाही, सूचीला शेपूट जोडलेलं. कुठल्याच पीडीएफला डीओआय, म्हणजे प्रकाशित लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, नव्हता.

हे चालतं कारण गुगल स्कॉलरचं मोजमाप यंत्र करतं. पेपरसारखी दिसणारी पीडीएफ सापडली की तिची सूची वाचून ते आकडा वाढवतं, मध्ये संपादक नाही. २०२४ मध्ये रीझ रिचर्डसन आणि निक वाइज या संशोधकांनी हे दाखवायला लॅरी नावाच्या मांजराच्या नावे १२ खोटे पेपर आणि १३२ सायटेशन याच वाटेने उभी केली, एच-इंडेक्स ११. मी पैसे भरले त्याच्या आधी हे छापून आलं होतं. आणि फाईल मंचावरून काढली गेली की पुढच्या फेरीत आकडाही उतरतो. माझा मेमध्ये ६६वरून पुन्हा २४ झाला, फॉर्ममध्ये एच-इंडेक्स ६ लिहून तो जमा केल्यानंतर.

साठमधली उरलेली १८ ‘स्कोपसमध्ये देतो’ म्हणून ६,५०० घेतले. स्कोपस फक्त आपल्या यादीतल्या प्रकाशनांतली सायटेशन मोजतं, बाहेरच्या पीडीएफने तिथला आकडा हलत नाही. नियतकालिक यादीत आहे का, आणि त्याचं नाव मध्येच बंद केलंय का, हे स्कोपसच्या संकेतस्थळावर वर्गणीशिवाय दिसतं. कुणी ‘स्कोपस सायटेशन’ म्हणाला तर एकच विचारा: कुठलं नियतकालिक, कुठला अंक?

आता दाद मागण्याचं. यूपीआयने पैसे गेले की सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला तासाभरात फोन करा, बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. मी दोन महिन्यांनी केला, तोवर खातं रिकामं. बँक म्हणाली, ‘पिन तुम्हीच टाकलात.’ पोलीस ठाण्यात आधी सायटेशन म्हणजे काय ते समजावण्यात पाऊण तास, मग ‘माल मिळाला होता ना, मग फसवणूक कशी?’ दुसऱ्या दिवशी ‘हे दिवाणी प्रकरण आहे’. तिसऱ्या खेपेला, ‘साहेब रजेवर आहेत.’ ज्या मंचावर पीडीएफ होत्या त्याला चार वेळा कळवलं, चारही वेळा यंत्राचं आभारपत्र. विद्यापीठात गेलो तर उत्तर मिळालं की यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीच बंद केली, आता ज्याने त्याने आपलं बघायचं. बघायचं कुणी? हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलेला एक आकडा, हा एच-इंडेक्स, तुम्ही फॉर्मात सक्तीचा करता, तो कुठल्या प्लॅटफॉर्मवरून घ्यायचा हे लिहीत नाही, तपासणारा माणूस नेमत नाही, आणि बाजार उभा राहिला की हात वर करता! फॉर्ममधला ६ खोडून ३ करावा असं मी स्वतः लेखी दिलं. त्याला पोच नाही. खरं सांगायलाही खिडकी नाही.

पावत्या, मेसेज, पीडीएफ हे सगळं त्याच दिवशी उतरवून ठेवा, नंतर काहीच सापडत नाही. फोटोवर विश्वास ठेवू नका, नाव मागा आणि ते प्रोफाइल आज, तुमच्या फोनवर उघडून बघा. गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या बाईंनी त्यांना आलेली जाहिरात मला पाठवली. नाव खोडलेलं होतं, पण खाली आकडे ओळीने होते: १५, १३, १०, ९, ७, ६, ६. तो माझ्या प्रोफाइलचा फोटो आहे.