सागरी इतिहास: आधी दप्तर की आधी कॅमेरा?

इतिहासात एमए झालंय, समुद्राचं वेड आहे आणि किल्ल्याच्या तटावर उभं राहून टीव्हीवर बोलणाऱ्या माणसाची जागा खुणावतेय. अशा मुंबईकराला दोन रस्ते दिसतात: पीएचडी करून अभ्यासक व्हायचं आणि मग पडद्यावर यायचं, किंवा थेट निवेदक व्हायचं आणि वाचन जमेल तसं करायचं. ब्रिटनच्या सॅम विलिस यांनी पहिला धरला. एक्झिटर विद्यापीठाची पीएचडी, जहाजांवरची पुस्तकं, मग बीबीसी. पण त्यांच्यामागे बीबीसी होती, हे विसरून हिशेब मांडू नका.

अभ्यासकाच्या रस्त्यात पैशाचा प्रश्न आधी. नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, लागली तर पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये, वर घरभाडं. नाही लागली तर नुसती नेट किंवा राज्याची सेट परीक्षा काढून सीएचबीवर, म्हणजे तासागणिक मानधनावर, कॉलेजात तासिका घ्या आणि कायम जागेच्या जाहिरातीची वाट बघा. बदल्यात मिळतं ते दप्तर, म्हणजे जुने कागद: काळ्या घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात. मोडीच्या कागदावर आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढलेली असते, अक्षरं तिच्याखाली लटकतात, दोन शब्दांत फट नसते. सुरुवातीला नुसती तारीख लावताना घाम फुटतो. डोळा बसला की मात्र दुसऱ्याच्या अनुवादावर विसंबावं लागत नाही.

कॅमेऱ्याच्या रस्त्याला मुंबईत मालाची ददात नाही. इथल्या गोदीत सागवानात बांधून 1817 मध्ये पाण्यात उतरवलेलं ट्रिंकोमाली जहाज आज इंग्लंडात हार्टलपूलला बघायला मिळतं. 14 एप्रिल 1944 चा व्हिक्टोरिया गोदीतला स्फोट आहे, 1946 चा नाविकांचा उठाव आहे. अडचण एवढीच की हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. शिवाय नौदलाच्या गोदीवर ड्रोन उडवता येत नाही आणि पावसाळ्यात होड्या बंद. वाहिनीचं काम कंत्राटी. यूट्यूबचं उत्पन्न कुणी छातीठोक सांगत असेल तर हसून सोडून द्या.

खरा फरक अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर कळतो. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी बेट घेऊन तटबंदी सुरू केली आणि मुंबईचे इंग्रज आडवे आले. नुसता निवेदक सांगेल, ‘मराठ्यांनी इंग्रजांना धूळ चारली.’ टाळ्याही मिळतील. इंग्रजांचा पत्रव्यवहार वाचलेला माणूस विचारेल, त्यांची मोठी जहाजं राखणीला असताना बेटावर रसद पोचली कशी? रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून, हलक्या होड्यांनी. बेटासमोरच्या थळच्या किनाऱ्यावर ओहोटीला उभं राहून हे दाखवलं तर चार मिनिटांचा उत्तम भाग होतो, आणि ड्रोनही लागत नाही.

म्हणून माझं मत दप्तराकडे झुकतं. घरी कमावतं दुसरं कुणी नसेल तर मात्र पीएचडीच्या भरवशावर नोकरी सोडू नका. मोडीचा वर्ग लावा, 1978 पासून चालू असलेल्या मेरीटाइम हिस्टरी सोसायटीच्या व्याख्यानांना जा, आणि जे वाचाल त्यावर मोबाइलवर छोटे व्हिडिओ करा. वाहिनीवाले नमुना मागतातच. आवाज चांगला असून दप्तरात जीव रमत नसेल, तर सरळ निवेदक व्हा; पण संशोधनासाठी एक अभ्यासक सोबत घ्या आणि त्याचं मानधन बजेटमध्ये पहिल्याच दिवशी धरा.