आयाम बाकार की बेतुतू: ओव्हनमध्ये कोणती कोंबडी भाजावी?

इंडोनेशियन मसाल्यातील कोंबडी घरच्या ओव्हनमध्ये भाजण्याचे ठरवले की दोन नावे हमखास समोर येतात: जावा बेटावर घराघरांत व रस्त्यांवरील खानावळींत होणारी 'आयाम बाकार' आणि बाली बेटावरील 'आयाम बेतुतू'. 'आयाम' म्हणजे कोंबडी आणि 'बाकार' म्हणजे विस्तवावर भाजलेले. दोन्हींच्या वाटणात लहान कांदे, लसूण, हळद, धने आणि मिरची असल्यामुळे कागदावर त्या सारख्याच वाटतात. प्रत्यक्षात मात्र एकीला धग सोसते तितकी दुसरीला सोसत नाही, आणि एकीला लागणारा वेळ दुसरीला दिल्यास मांसाचा चोथा होतो.

आपल्याकडे कच्च्या कोंबडीला मसाला चोळून रात्रभर मुरवण्याची सवय आहे. आयाम बाकारमध्ये मुरवण्याचे काम आच करते. वाटण, लेमनग्रास, कोळिंजन (आल्यासारखे एक सुगंधी मूळ), तेजपत्त्यासारखी वापरली जाणारी 'सालाम'ची पाने आणि थोडे पाणी किंवा शहाळ्याचे पाणी यांत तुकडे झाकण ठेवून, रस आटेपर्यंत शिजवतात. या कृतीला 'उंग्केप' म्हणतात. मसाल्याचा सुगंध मांसात फार खोल शिरत नाही, खोल शिरते ते मीठ. त्यामुळे नुसते मुरवत ठेवण्यापेक्षा खारट रसात शिजवणे अधिक उपयोगी पडते. नंतर भट्टीचे काम उरते ते वरचा थर खमंग करण्याचे. हा थर 'केचाप मानिस' या गोड, दाट सोया सॉसचा असतो. त्यात ताडामाडाचा गूळ भरपूर असल्याने तो फार लवकर करपतो. म्हणून उंग्केप केलेले तुकडे ओव्हनमध्ये २२० अंशांवर ठेवावेत, शेवटच्या पंधरा मिनिटांत उरलेले वाटण व केचाप एकत्र करून दोन-तीन वेळा ब्रशने लावावे आणि त्या वेळात तेथून हलू नये. केचाप मानिस न मिळाल्यास सोया सॉस आणि गूळ समप्रमाणात आटवून घ्यावे. गोव्याचा माडाचा गूळ मिळाला तर चव मूळ पदार्थाच्या पुष्कळ जवळ जाते.

बेतुतूचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. येथे गोड लेप नाही. 'बासे गेनेप' या बालीच्या पूर्ण मसाल्यात आले, हळद, कोळिंजन आणि 'केंचुर' अशी चार मुळे, शिवाय काळी मिरी, जायफळ, लवंग, 'केमिरी' या तेलकट बिया आणि कोळंबीची आंबवलेली पेस्ट 'तेरासी' असते. हे वाटण अख्ख्या कोंबडीच्या आतबाहेर भरून ती केळीच्या पानात आणि त्यावर पोफळीच्या झावळीच्या रुंद, चिवट देठात गुंडाळतात आणि भाताच्या तुसाच्या विस्तवात कित्येक तास पुरून ठेवतात. गावठी कोंबडीचे चिवट मांस सुटे होण्यासाठी तेवढा वेळ लागतोच. घरी केळीची पाने आचेवर मऊ करून दोन थर गुंडाळावेत, वरून फॉइल घट्ट लावावी आणि १६० अंशांवर सुमारे अडीच तास ठेवावे. धुराचा वास ओव्हनमध्ये येणार नाही, ही उणीव मान्य करावी लागते.

साहित्याच्या बाबतीत बेतुतू अधिक अडवते. केमिरीऐवजी काजू चालतात. खरी केमिरी मिळाली तर ती कच्ची कधीही खाऊ नये, कारण ती कच्ची असताना विषारी असते. तेरासीऐवजी भाजून कुटलेला जवळा घालता येतो, मात्र तो आंबवलेला नसल्याने चव थोडी उथळ राहते. गोव्याच्या बालचावाचा, म्हणजे कोळंबीच्या आंबट-तिखट लोणच्याचा, परिचय असलेल्यांना ही चव परकी वाटणार नाही. 'बालचाव' या शब्दाचे नाते मलायमधील 'बलाचान' या कोळंबीच्या पेस्टच्या नावाशीच जोडले जाते. केंचुर मिळाले नाही तर सरळ वगळावे. त्याऐवजी जास्त आले घातल्याने काहीच साधत नाही.

निवड तिखटपणावरून करू नये, हातात असलेल्या कोंबडीवरून करावी. बाजारातील ब्रॉयलरच्या तंगड्या आणि दीड तास एवढेच असेल, तर आयाम बाकार. त्याच ब्रॉयलरची बेतुतू करायचीच झाली, तर दीड तासानंतर फॉइल उघडून पाहावे आणि मांडीच्या जाड भागाचे तापमान ७४ अंशांवर गेले की थांबावे. गावरान कोंबडी मिळाली असेल आणि दुपार मोकळी असेल, तर माझे मत निःसंशय बेतुतूच्या बाजूने आहे. आयाम बाकारची अर्ध्या तासाची उंग्केप तिला पुरत नाही. लहान ओटीजीमध्येही बेतुतू सोयीची पडते, कारण गुंडाळलेली कोंबडी वरच्या रॉडजवळ आली तरी करपत नाही. घरात लहान मुले असतील, तर मात्र गोडसर आयाम बाकारलाच पसंती मिळेल.

आयाम बाकारसोबत काकडी, कोबी आणि तेरासीचा सांबाल (मिरचीची चटणी) पुरतो. बेतुतूसोबत नाळीची भाजी आणि तळलेले शेंगदाणे द्यावेत, आणि पानात साठलेला रस मुळीच टाकू नये. तो गरम भातावरच घ्यायचा असतो.